तिसऱ्या आहोत

तपासणीची जड चौकट नाकावर चढवून बसचा ड्रायव्हर समोरच्या पाटीवरची शेवटून दुसरी ओळ धडाधड वाचत होता, आणि ती त्याच्या गुडघ्यांसमोर स्टुलावर बसून त्याचं खोटं ऐकत होती. पाटीकडे तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. पाटी तिला पाठ होती, आणि आता उघड दिसत होतं की यालाही पाठ होती. खरंच वाचणारा माणूस अक्षराशी झटतो, डोळे बारीक करतो, मान पुढे काढतो. पाठ केलेलं म्हणणारा निवांत असतो, त्याची नजर पाटीच्या जरा वर कुठेतरी टांगलेली असते. चष्म्याच्या दुकानात अठरा वर्षं लोकांचे डोळे तपासून तिला एवढं कळायला लागलं होतं. तिने हाताजवळचं बटण दाबलं. पाटी बदलली. ड्रायव्हर दुसऱ्याच अक्षरापाशी अडखळला आणि मग, चोरी पकडली गेली की मोठी माणसं हसतात तसा तोंडभर हसला. "बायकोने घोकून घेतलं हो," तो म्हणाला. "चष्मा लागला तर लांबच्या गाड्या देत नाहीत आम्हाला." ती त्याला काही बोलणार, तोच तिच्या एप्रनच्या खिशात फोन थरथरला. कामाच्या वेळी ती फोन घेत नसे. पण ड्रायव्हर म्हणाला, "घ्या ना, तेवढंच मला या पाटीकडे नीट बघता येईल." त्याच्या निर्लज्जपणाचं हसू येऊन तिने तो घेतला.

"तुम्ही तिसऱ्या आलात," पलीकडचा आवाज म्हणाला.

"कोण बोलतंय?"

"नौकानयन संघटनेचा चिटणीस. तुमची होडी, बाई. बावीस वर्षांपूर्वीची. आज सकाळी पत्र आलं. दोन नंबरचा संघ बाद झाला. म्हणजे तिसऱ्या होत्या त्या दुसऱ्या झाल्या आणि तुम्ही चौथ्या होतात त्या तिसऱ्या." आवाज तरुण होता; त्या शर्यतीच्या दिवशी हा शाळेत डबा खात असेल. "त्यांच्यातल्या एकीने आपण होऊन लिहून कळवलं म्हणे. औषधं घेतली होती, कधी, कोणती, सगळं सविस्तर. कुणी विचारलं नव्हतं, काही नव्हतं. ऐकताय ना? रविवारी सकाळी जुन्या होडीघरावर छोटासा कार्यक्रम ठेवलाय. पदक घ्यायचं, फोटो काढायचा, चहा. अभिनंदन हं!"

"तिसऱ्या," ती म्हणाली.

"हो. तिसऱ्या."

फोन खिशात टाकून ती परत स्टुलावर बसली. आनंद झाला म्हणावं तर तसं काही आत हललं नाही. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसं मात्र झालं. कारण नेमका हाच शब्द तिने बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता. शर्यत चालू असताना, संघातल्या चौघींना तिने सांगितलं होतं की आपण तिसऱ्या आहोत. तेव्हा त्या चौथ्या होत्या, आणि हे तिला दिसत होतं, आणि हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आता एका परक्या बाईने दूरच्या देशात टेबलाशी बसून चार ओळी लिहिल्या होत्या आणि तिचं खोटं बसल्या जागी खरं झालं होतं. असं होऊ शकतं? तिला राग यायला हवा होता की हायसं वाटायला हवं होतं, तेही ठरेना. तिने ड्रायव्हरच्या चौकटीत नवं भिंग सरकवलं. "आता बरं दिसतंय की मघाशी?" तिने विचारलं. "खरं सांगू का," ड्रायव्हर म्हणाला, "मघाशी काहीच दिसत नव्हतं."

होडीत चौघी वल्हवतात आणि पाचवी वल्हवत नाही. चौघींची पाठ जायच्या दिशेला असते. मागे काय पडलं तेवढंच त्यांना दिसतं. पाचवी शेपटाकडे बसते, तोंड पुढे करून, दोन्ही हातांत सुकाणूच्या दोऱ्या आणि ओठांपुढे बोटभर माइक घेऊन. म्हणजे पाचजणींत डोळे एकीलाच. ती होती ती पाचवी. अंगाने एवढीशी, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणत. नियमात सांगितलेल्या वजनापेक्षा ती दोन किलो कमी भरायची, तेव्हा तिच्या बैठकीखाली वाळूची पिशवी ठेवावी लागे. देशाने तिच्याबरोबर दोन किलो वाळूही परदेशी पाठवली होती, आणि वाळूने आपलं काम चोख केलं, असं ती पुढे स्वतःशीच म्हणायची. तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, थोरली बसायची. चौघींत वयाने मोठी, हाडापेराने दांडगी. लय ती धरायची आणि पाठीमागच्या तिघी तिच्या पाठीकडे बघत वल्हं टाकायच्या. त्या तिघी थोरलीच्या आड दिसायच्याच नाहीत. शर्यतीत त्यांचे चेहरे चिमणीने कधी पाहिलेच नव्हते, नुसती वल्ह्यांची टोकं पाहिली होती आणि श्वास ऐकले होते. सात मिनिटं तिच्या वाट्याला एकच चेहरा असे, थोरलीचा. तो लाल होताना, मग पांढरा पडताना, मग राखेच्या रंगाचा होताना ती बघायची. पुढे लग्नानंतर नोकरी शोधायची वेळ आली तेव्हा तिने इतकी कामं सोडून चष्म्याचं दुकानच का धरलं, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. समोरच्या माणसाचा चेहरा तिथेही तेवढ्याच अंतरावर असतो.

होडी शिकवणारे सर नेहमी म्हणायचे, होडीत एकच पाप आहे. बाकी काहीही करा, वल्हं सोडा, रडा, शिव्या द्या. पण डोळे असणारीने डोळे नसणाऱ्यांना खोटं सांगायचं नाही. सर तिला सरावातसुद्धा मध्येच विचारायचे, "पूल किती लांब?" आणि तिने दहा मीटरची लबाडी केली तरी मोटारबोटीतून भोंग्यावर ओरडायचे. अंतिम शर्यतीसाठी त्यांनी बेत ठरवून दिला होता, अगदी सोपा. शेवटच्या टप्प्यात पाण्यावर तरंगणारे गोळे लाल होतात. तिथे पोचताना तिसऱ्या किंवा त्याच्या पुढे असलात तर लय मोडायची नाही, तीच शेवटपर्यंत न्यायची. कारण घाईने वेग वाढवला की होडी डुलते आणि हातचं जातं. चौथ्या किंवा मागे असलात तरच चिमणीने ओरडायचं, "उपसा!", आणि मग जीव गेला तरी चालेल, वेग वाढवायचा. त्या वर्षी देशाचा सगळा चमू एकामागून एक हरत होता. धावणारे पहिल्याच फेरीत घरी, कुस्तीवाले चितपट, पोहणाऱ्यांचं तर नावच काढायला नको. पदकांच्या यादीत देशाच्या नावापुढे शून्य होतं, आणि खेळाडूंच्या जेवणघरात आपला गणवेश घालून जायची लोकांना लाज वाटू लागली होती. होडी हीच काय ती शेवटची आशा होती. सकाळी चमूप्रमुख स्वतः धक्क्यावर आले, पाचही जणींशी हात मिळवले, आणि तिच्या हातात हात देताना म्हणाले, "बेटा, सगळं तुझ्या डोळ्यांवर आहे." ते सहज म्हणाले असतील. पण तिने काळा गॉगल लावला तो त्याच क्षणी, आणि ऊन नव्हतं तरी काढला नाही.

रस्त्याने घरी जाताना ती तो खोटं बोलल्याचा क्षण पुन्हा काढून बघत राहिली. इतक्या वेळा काढून बघितला होता तो, की आता त्यातलं खरं किती आणि हाताळून गुळगुळीत झालेलं किती, हे सांगणं कठीण होतं. लाल गोळे जवळ आले होते. तिच्या पुढे तीन होड्या होत्या. तिसरी फार पुढे नव्हती, जेमतेम होडीच्या नाकाएवढी. आणि तेवढ्यात थोरलीने विचारलं. वल्हवणारीने शर्यतीत बोलायचं नसतं, बोलायला श्वासच नसतो, पण दोन फटक्यांच्या मध्ये तिच्या वाळलेल्या ओठांतून एक शब्द आला, "कितव्या?" चिमणीने तोंड उघडलं ते 'चौथ्या' म्हणायला. जीभ त्याच शब्दाला लागली होती, हे तिला अजूनही शपथेवर सांगता आलं असतं. आणि माइकमधून आवाज गेला तो मात्र, "तिसऱ्या. तिसऱ्या आहोत." होडीच्या तळाशी बसवलेल्या स्पीकरमधून तो पाठीमागच्या तिघींपर्यंत गेला. पुढचा फटका पडला तो चारही वल्ह्यांचा मिळून एकच आवाज. होडी पाण्यावरून सुटली. एवढी सरळ, एवढी हलकी ती कधीच चालली नव्हती; सुकाणूच्या दोऱ्या तिच्या बोटांत नुसत्या पडून होत्या. लय मोडली नाही. 'उपसा' कुणी म्हटलंच नाही. आणि ती मात्र दर फटक्याला बघत होती की पुढच्या होडीचं ते नाक जवळ येतंय, वीतभर, आणखी वीतभर, खोटं खरं होत चाललंय. आणखी दहा मीटर पाणी असतं तर झालंच असतं. एकतीस शतांश सेकंदांनी राहिलं. पापणी लवायलासुद्धा जवळजवळ एवढाच वेळ लागतो, हे तिला पुढे नोकरीत कळलं.

का म्हणाली ती तसं? दया आली म्हणून? थोरलीचा चेहरा दया यावी असाच होता, पण दया त्याआधी शंभरदा आली होती आणि तिने तोंड आवरलं होतं. भीती वाटली म्हणून? की, आणि हे तिला अलीकडे अलीकडेच सुचू लागलं होतं, एकदा तरी चांगली बातमी सांगणारी व्हावंसं वाटलं म्हणून? बिचारी डोळे असणारी. तिला नेहमी वाईटच सांगावं लागतं, मागे पडतोय, वळण चुकतंय, अजून हजार मीटर आहेत. तिने हा प्रश्न अपराध्यासारखा स्वतःला विचारून बघितला होता, वकिलासारखा विचारून बघितला होता. आज पहिल्यांदाच तो तिला शेजारणीबद्दल विचारावा तसा विचारता आला. खरंच, का म्हणाली असेल बाई? विचारताना दुखलंही नाही.

शर्यतीनंतर सरांनी अहवाल लिहिला होता. संघटनेच्या कचेरीत तो टाइप होताना तिने उभ्या उभ्या वाचला. "शेवटच्या अडीचशे मीटरमध्ये वेग वाढवला गेला नाही. कारण कळलं नाही." सरांनी तिला कधी काही विचारलं नाही. पाच वर्षांनी सर गेले. शेवटच्या आजारात ती भेटायला गेली होती, सांगायचं ठरवून गेली होती. त्यांनी तिला बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि अर्धा तास नुसत्या चुकीच्या आहाराबद्दल बोलले. ती परत आली. एकदा राहिलं की मग राहतंच. विमानतळावर परत आल्या तेव्हा घरच्या माणसांखेरीज कुणी आलं नव्हतं, तेव्हा सांगता आलं असतं. थोरलीच्या लग्नात सांगता आलं असतं. दर वर्षी पाचजणी एकदा जेवायला जमत, दर वर्षी कुणीतरी त्या शर्यतीचा विषय काढे आणि दर वर्षी ती पाण्याचा पेला तोंडाला लावून तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवत नसे.

घरी नवरा मुलांचे नकाशे तपासत बसला होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आणि घरी आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला, चहा यायच्या आत, सांगायचा की हिला साधी समजू नका, ही जगात चौथी आलेली आहे. तिने फोनचं सांगितलं तशी त्याने लाल पेन खाली ठेवलं.

"म्हणजे आता माझं वाक्य बदलावं लागणार," तो म्हणाला. "वीस वर्षं घोटून घोटून कसं छान झालं होतं. चौथी म्हटलं की लोक 'अरेरे' म्हणायचे, मग तुझ्याकडे बघायचे. तिसरीला 'अरेरे' कोण म्हणणार?" मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "तुला आनंद नाही झाला?"

"झाला असेल. बघतेय कसा वाटतो ते."

"ही कसली तऱ्हा?"

"अहो, मला एक सांगा. बावीस वर्षं गप्प बसलेलं माणूस एकाएकी का बोलतं?"

त्याला वाटलं ती त्या परक्या बाईबद्दल विचारतेय. त्याने विचार केला, नकाशावर एका मुलाने डोंगरात घुसवलेली नदी बाहेर काढली, आणि म्हणाला, "कंटाळा येत असेल गं. गप्प राहण्याचाही कंटाळा येतच असणार की."

हे उत्तर तिला इतकं आवडलं की ती ते आठवडाभर चघळत राहिली. पश्चात्ताप नाही, देवाची भीती नाही, नुसता कंटाळा! त्या बाईला तिने पाहिलं होतं. निदान त्या चौघींना तरी पाहिलं होतं. होड्या धुताना शेजारच्याच नळावर त्या असायच्या आणि चौघी मिळून भयंकर बेसूर गायच्या. त्यांतली कोणती असेल? दाट भुवयांची, की जिच्या हाताला पट्टी होती ती? काय वेळ असेल पत्र लिहिलं तेव्हा? सकाळी लिहिलं असेल, भांडी आवरून, की बसमध्ये बसल्या बसल्या एकदम ठरवून? पाकिटाला तिकीट लावून पेटीत टाकल्यावर हात आत घालून परत काढावंसं वाटलं असेल का? आणि तिच्या संघातल्या बाकीच्या, ज्यांचं पदक तिच्यामुळे गेलं, त्यांना आधी सांगितलं असेल की नंतर? बुधवारी दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नव्या चष्म्याची दांडी वाकवून कानामागे नीट बसवताना तिला वाटलं, मी पदक घेतलं तर ते तिच्या खऱ्या बोलण्यावर आणि माझ्या खोट्या बोलण्यावर मिळून उभं राहील. आणि मग आणखी एक हिशेब डोक्यात आला, जो तिने आतापर्यंत मुद्दामच मांडला नव्हता. तेव्हा तिने खरं सांगितलं असतं, थोरलीने वेग वाढवला असता, आणि एकतीस शतांश भरून निघाले असते, तर त्या तेव्हाच तिसऱ्या आल्या असत्या. आणि आज दुसऱ्या. म्हणजे तेव्हाही एक पायरी खाली, आजही एक पायरी खाली, आणि दोन्ही वेळा आपल्याच तोंडामुळे. म्हाताऱ्याच्या भिंगात दुकानाचा सगळा दर्शनी भाग एवढासा होऊन दिसत होता, दार, बाहेरची सायकल, रस्त्यापलीकडची शिंप्याची पाटी. ती ते रोज बघायची. "लागतंय का कानाला?" तिने विचारलं. "लागत नाही," म्हातारा म्हणाला, "पण तुम्ही रडताय का?" ती रडत नव्हती. डोळ्यात पाणी आलं होतं एवढंच.

रविवारी ती मुद्दाम तासभर आधी होडीघरावर गेली. सांगायचं हे ठरलं होतं. सांगितल्यावर त्या चौघी उरतील की नाही, हे ठरलं नव्हतं, आणि तिच्या आयुष्यात नवऱ्याखेरीज जिवाभावाची म्हणावी अशी माणसं या चौघीच होत्या. हवा बोचरी होती. तळ्यावर वाफ तरंगत होती. धक्क्याच्या टोकाला थोरली आधीच येऊन उभी होती, जुनं संघाचं जॅकेट घालून. त्याची चेन आता पोटावर लागत नव्हती. ती प्रसूतिगृहात नर्स होती आणि रात्रपाळी करून तशीच आली होती.

"चिमणे, वजन वाढलं की तुझं," ती म्हणाली. "आता वाळू नको लागायला."

"थोरले, मला एक सांगायचंय. सगळ्या यायच्या आत."

"सांग."

"लाल गोळ्यांपाशी तू विचारलंस, कितव्या. मी तिसऱ्या म्हणाले."

"हं."

"आपण चौथ्या होतो. मला दिसत होतं. ढळढळीत दिसत होतं."

थोरलीने जॅकेटच्या बाह्या खाली ओढल्या. "ते मला माहीत होतं," ती म्हणाली.

चिमणीला वाटलं, हिला ऐकू आलं नाही. "अगं, कसं माहीत असेल? तुमची पाठ होती. तुला दिसणंच शक्य नव्हतं."

"तुझ्या गॉगलमध्ये," थोरली म्हणाली. "काळा, फुगीर, हा एवढा मोठा. आरसाच की तो. तू माझ्यापुढे हातभर अंतरावर. सात मिनिटं मी दुसरं काय बघणार? माझ्या खांद्याच्या वर, काचेत, तीन बारीक होड्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या. मी मोजल्या ना. डाव्या काचेत तीन, उजव्या काचेत तीन." ती जरा हसली. "तू डोळ्यांचाच धंदा करतेस. मला वाटलं, एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल."

अठरा वर्षं. रोज वीस-पंचवीस चष्मे. प्रत्येकाच्या काचेत दार, सायकल, शिंप्याची पाटी. "मग विचारलंस कशाला?"

"तू काय म्हणतेस ते बघायचं होतं."

"आणि मी खोटं बोलले तेव्हा? लय तुझ्या हातात होती, थोरले. मी नाही ओरडले तरी तू वाढवू शकत होतीस."

"वाढवणार होते," थोरली म्हणाली. "पण तू तिसऱ्या म्हणालीस आणि पुढचा फटका पडला. आठवतो तो आवाज? चार वल्ही आणि आवाज एक. सहा वर्षं आपण घसा कोरडा करून त्या एका आवाजासाठी मरत होतो, आणि तो त्या दिवशी आला, तुझ्या खोट्यावर. मला तो मोडवला नाही. म्हटलं, चालू दे अशीच. पदक काय." मग ती मान हलवून म्हणाली, "असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे हातही संपले होते. दोन्हीतलं कुठलं आधी, ते मलाही नाही माहीत. आता मी बाळंतिणींना रोज सांगते, झालंच हं बाई, आता एकच कळ. अजून तीन तास असतात. त्यांतल्या काही माझ्या तोंडाकडे बघतात आणि त्यांना कळतं. तरी जोर लावतात."

"बाकीच्यांना सांगायचं?"

"ते तुझं तू बघ. तोंड तुला दिलं होतं, आम्हाला हात."

बाकीच्या तिघी एकाच गाडीतून आल्या, आल्या त्याच भांडत. गणितवालीने वळण चुकवलं होतं. गणितवाली आणि हसरी मधल्या दोन जागांवर वल्हवायच्या, टोकाची पार नाकाशी. चिटणीस नवा कोट घालून आला होता. दोन ओळींचं भाषण त्याने कागदावरून वाचलं, की बावीस वर्षांपूर्वीच्या त्या स्पर्धेत आपल्या देशाच्या नावापुढचं शून्य आज पुसलं गेलं आणि उशिरा का होईना खातं उघडलं. मग त्याने पाच डब्या उघडल्या. पदक तिला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं निघालं. फोटोग्राफरने पाचजणींना ओळीत उभं केलं, हसा म्हणाला, आणि त्या हसल्या. चहा झाल्यावर चिटणीस दुसऱ्या कुठल्यातरी कार्यक्रमाला पळाला. पाचजणी गळ्यात पदकं घालून परत धक्क्यावर आल्या, कारण पाय तिकडेच वळले. तिथे तिने सांगितलं. एका दमात, मधे न थांबता, 'उपसा' न म्हटल्यापासून सरांच्या अहवालापर्यंत. तिने नकळत हात ओठांपुढे धरला होता, माइक असायचा तिथे.

गणितवालीचे ओठ हिशेब केल्यासारखे हलत होते. "म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "आज आपण दुसऱ्या असतो."

"हो."

"दुसऱ्या!"

"मलाही ते माहीत होतं," थोरली मध्येच म्हणाली. "हिच्या गॉगलमध्ये मी होड्या मोजल्या होत्या. एकटीवर नका घालू."

टोकाची इतका वेळ खाली बघत होती. ती कधी फार बोलायची नाही. "शेवटच्या वीस फटक्यांत," ती म्हणाली, "माझं वल्हं एकदा पाण्यात अडकलं होतं. एवढंसं. कुणाला कळलं नसेल. पण मी बावीस वर्षं धरून बसलेय की ते एकतीस शतांश माझे आहेत. माझी मुलगी पोहायला जाते, तिलासुद्धा सांगितलंय मी ते." चिमणीला वाटलं, आता संपलं. दुसऱ्या कशालाही क्षमा असेल, याला नाही. आणि मग टोकाचीने नाक ओढलं, पुढे झाली, वाकली आणि चिमणीचा डावा घोटा घट्ट पकडला.

"धरा गं हिला," हसरी ओरडली.

शर्यत जिंकणारा संघ आपल्या सुकाणूवालीला पाण्यात फेकतो, हा जगभरच्या होडीवाल्यांचा रिवाज. तिला आजवर कुणी कधी फेकलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. आता चार दणकट बायकांनी तिला हातापायांना धरून उचललं तेव्हा हे बक्षीस चाललंय की शिक्षा, तिला कळेना, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांनाही कळत असेल असं वाटेना. त्यांनी तिला एकदा झुलवलं, दोनदा झुलवलं. गणितवाली दात-ओठ खाऊन मोजत होती. टोकाची रडत होती आणि हसत होती. "थोरलीलाही टाकायला हवं," हसरी धापा टाकत म्हणाली. "मला उचलून तर दाखवा," थोरली म्हणाली. तिसऱ्या झोक्याला त्यांनी हात सोडले.

पाणी बर्फासारखं होतं. छातीतली हवा एका फटक्यात बाहेर गेली. ती खाली गेली, हिरव्या अंधारात तिला स्वतःचं पदक समोर तरंगताना दिसलं, आणि मग ती वर आली, दात आपटत, केस डोळ्यांवर. तिने ते बाजूला केले. धक्क्याच्या काठाला चौघी ओळीने वाकून तिच्याकडे बघत होत्या. चौघी. थोरलीच्या आड कुणीही नाही. गणितवालीच्या कपाळावरची आठी, हसरीची फट पडलेली दातांची ओळ, टोकाचीचे लाल डोळे, सगळं एकाच वेळी, समोरून. होडीत बसून तिने हे कधी पाहिलं नव्हतं. ती बघतच राहिली.

"काय गं," गणितवालीने वरून विचारलं, "पाणी कसं आहे?"

तिच्या पायांची बोटं बधिर झाली होती. जबडा एवढा हलत होता की शब्द धरून ठेवावा लागला.

"कोमट," ती म्हणाली. "एकदम कोमट आहे. या!"

तिघींनी चपला काढल्यासुद्धा नाहीत. हसरीने दोघींचे हात धरले आणि तिघी मिळून एकच धप्प आवाज झाला, आणि मग जी किंकाळी उठली तिने होडीघराच्या छपरावरची सगळी कबुतरं उडाली. "मेली! खोटारडी! पुन्हा!" गणितवाली पाणी थुंकत ओरडत होती आणि चिमणीच्या डोक्यावर बुक्क्या घालत होती, आणि टोकाची पाठीवर तरंगत आभाळाकडे तोंड करून हसत सुटली होती.

थोरली अजून वरच होती. ती उकिडवी बसली, हातभर अंतरावर आली आणि चिमणीच्या चेहऱ्याकडे निरखून बघू लागली.

"तुझे ओठ निळे पडलेत," ती म्हणाली.

मग तिने जॅकेट काढून घडी करून ठेवलं, पदक आत सरकवलं, आणि नाक धरून उडी मारली.